फोटोत पाय कापायचे नाहीत

केळव्यात सुलूमामीला विचारल्याशिवाय कोणी फोटो काढू नये असा काही कायदा नाही. पण न विचारता काढलेला फोटो तिच्या नजरेस पडला, की चार शब्द ऐकून घ्यावे लागतात, एवढं मात्र खरं.

समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत राऊतांचं घर आहे. मागे माडपोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला पानमळा. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी माणसं सुलूमामीच्या ओटीवर तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण खायला बसतात. हात धुऊन झाले, की त्यांतली एखादी तिच्या हातात फोन देते, "काकू, आमचा एक ग्रुप फोटो काढता का?" पहिल्यांदा काकूंनी अशी काही कमाल केली होती, की निम्म्या पाहुण्यांची मुंडकी गेली आणि मागे बांधलेली म्हैस तेवढी अख्खी आली. पण करता करता हात बसला. पुढे पुढे तर माणसांना उभं कुठे करायचं, उन्हाकडे तोंड की पाठ, हे तीच सांगायला लागली. "ताई, त्या माडापासून सरका जरा, तो तुमच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतोय." असं बेधडक बोलते, पण लोक ऐकतात, कारण फोटो सुरेख येतो.

तिचे नियम बरेच आहेत आणि मूडप्रमाणे बदलतात. एक मात्र कधी बदललेला नाही. "बाकी काय पण करा, फोटोत पाय कापायचे नाय. माणूस कुठे उभा होता ते पायावरून कळतं. पाय कापले, की नुसतं तोंड उरतं, आणि तोंड काय, आधार कार्डावर पण असतं."

तिचा स्वतःचा फोन तिच्या मुलाचा, भावेशचा, जुना. भावेश बोईसरच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे. त्याने नवा घेतला तेव्हा हा आईच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "काचेला चीर हाय, पण कॅमेरा मस्त हाय." त्या चिरेच्या आडून सुलूने गेल्या काही वर्षांत सगळं गाव टिपलं. वाळत घातलेली सुपारी, शितळादेवीच्या तळ्यावरचं धुकं, सायकलवर पाव विकणारा, त्याच्या मागे लागलेला कुत्रा. या सगळ्यात ती स्वतः कुठेच नव्हती. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या बाईचा फोटो काढावा हे कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि तिनेही कधी म्हटलं नाही.

आता स्पर्धेचं सांगायला हवं. गावच्या वाचनालयात दर गुढीपाडव्याला फोटोंची स्पर्धा होते. ती चालवतात कमलाकांत सर, शाळेतून निवृत्त झालेले आणि वाचनालयातून कधीही न होणारे. स्पर्धा आपली गंमतीची. एका माणसाचा एक फोटो. सर वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर फोटो मोठे करतात, पालघरहून छापून आणतात आणि दोरीवर चिमटे लावून टांगतात. प्रत्येक फोटोखाली एक वाटी. दारात येणाऱ्याच्या हातावर सर एक सुपारी ठेवतात. ज्याला जो फोटो आवडेल त्याच्या वाटीत त्याने ती टाकायची. संध्याकाळी वाट्या मोजायच्या. पहिल्या नंबराला बक्षीस नारळ. ज्या गावात चालताना पायात नारळ येतात, तिथे त्या एका नारळासाठी वर्षभर माणसं एकमेकांशी तिरकं बोलतात.

मागल्या वर्षी विषय होता 'सकाळ'. सुलू भल्या पहाटे उठून माडांच्या शेंड्यांवर आलेलं पहिलं ऊन टिपून आली. आणि पहिली कोण आली? वैभवी. वैभवीचं बीचवर छोटं रिसॉर्ट आहे. तिच्या फोटोत समुद्रातून लालबुंद सूर्य वर येत होता. आता केळव्यात सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो मागे, डोंगरावरून. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वैभवी वर्षभर समुद्राकडे तोंड करून बसणारी, तिला सूर्य म्हटला की तिकडचाच आठवतो. घाईत संध्याकाळचा फोटो सकाळचा म्हणून देऊन बसली. त्या दिवशी वाचनालयात तिच्या रिसॉर्टचे मुंबईकर पाहुणे पुष्कळ होते. त्यांनी भराभर सुपाऱ्या टाकल्या. गावची माणसं तोंडाला पदर आणि रुमाल लावून हसली, पण नियम तो नियम. नारळ वैभवीला गेला. सुलू दुसरी. तो नारळ तिला वर्षभर डाचला.

त्यामुळे यंदा सरांनी फळ्यावर 'नवी सुरुवात' असं लिहिलं, तेव्हा सुलूने मनाशी ठरवून टाकलं. यंदा नारळ आणायचा म्हणजे आणायचाच.

लोक कामाला लागले. कोणी हार घातलेली नवी स्कूटर टिपली, कोणी गाईचं वासरू. सुलूला मात्र फोटो आधीच दिसत होता. तिला हवी होती उतरण.

पानाची वेल काठीच्या आधाराने वर वर चढत जाते. पानं खुडत जावं तसा तिचा खालचा भाग उघडा पडतो, आणि एक वेळ अशी येते की वेल हाताबाहेर उंच जाते आणि पान बारीक पडायला लागतं. मग तिला उतरवतात. काठीपासून सोडवून अलगद खाली घेतात, उघड्या दांड्याचं बुंध्याशी वेटोळं करतात, त्यावर माती ओढतात. वर राहतो तो हातभर शेंडा. बघणाऱ्याला वाटावं, मळा मोडला, सगळं पुरून टाकलं. पण मातीत गेलेल्या त्या पेरापेराला मुळं फुटतात, मातीवर कोंब येतात आणि म्हातारी वेल पुन्हा जमिनीपासून सुरू होते. दरवर्षी होळीच्या आसपास राऊतांच्या मळ्यात हे होतं. नव्या सुरुवातीचा याहून चांगला फोटो कुठे मिळणार?

पण एक अडचण होती, आणि ती साधीसुधी नव्हती. सुलू लग्न होऊन वाणगावकडून या घरात आली त्याला तीस वर्षं होत आली. तीस वर्षं तिने ओटीवर बसून पानं निवडली, पुसली, चवडी लावल्या. पण ते पान ज्या वेलीला लागतं ती वेल तिने कधी जवळून पाहिली नव्हती. राऊतांच्या मळ्यात बाई जात नाही. वेलीला विटाळ चालत नाही, असं त्या घरात मानायचे. मुळात तो नियम चार दिवसांचा असेल. पण ते चार दिवस टाळता टाळता या घराने महिनाच टाळला, आणि पुढे वय झालं तरी नियम काही म्हातारा झाला नाही. मळ्याभोवती उंच कूड, कुडाला एक दार, आणि त्या दारावर नजर ठेवायला सुलूच्या सासूबाई, रत्नाबाई.

रत्नाबाई म्हणजे काय प्रकरण आहे हे गल्लीला विचारावं. पंचाहत्तरी उलटली, पण कोणाच्या घरी किती वाजता चूल पेटली हे अजून सांगतील. सुलू एका दुपारी त्यांच्या पायांना तेल लावत होती. तेवढ्यात तिने विषय काढला.

"आई, उतरणीचा एक फोटो काढायचाय. पाच मिनिटं आत जाऊन येते."

"प्रतापला सांग काढायला."

प्रताप म्हणजे सुलूचा नवरा. मळ्याचं सगळं तोच बघतो. माणूस गुणी, पण त्याने फोटो काढला की त्यात आभाळच जास्त येतं. सुलूने तसं सांगितलं.

"मग आभाळाचा फोटो दे स्पर्धेला," रत्नाबाई म्हणाल्या.

"आई, तीस वर्सं पान हातात घेते मी. ते कुठून येतं ते मला बघायचं हाय."

रत्नाबाईंनी पाय आखडून घेतला. "नाय म्हंजे नाय. मला एकदा लागलं ते नाव पुरे. तुला नको लागायला."

ते नाव कसलं, ते सुलूला माहीत होतं. रत्नाबाई नव्या नवरी असताना एक वासरू कुडात घुसलं. त्याला हाकलायला त्या मागोमाग आत धावल्या. त्या पावसाळ्यात वेली मुळाशी कुजल्या. तशा त्या वर्षी गावातल्या सगळ्याच मळ्यांत कुज शिरली होती. पण इतरांच्या मळ्यात ती पावसाने शिरली आणि राऊतांच्या मळ्यात रत्नाबाईंच्या पायाने, असा निकाल त्यांच्या सासूबाईंनी दिला. तो निकाल त्या डोळे मिटेपर्यंत दर पावसाळ्यात वाचून दाखवत राहिल्या. म्हणून रत्नाबाई दारावर बसायच्या त्या मळ्याला जपायला बसायच्या, की सुनेला जपायला, हे सुलूला कधी नीट ठरवता आलं नाही. तिने पुन्हा पायाला तेल लावायला घेतलं. उजव्या अंगठ्याचं नख नारळ पडून कायमचं काळं झालेलं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. हे पाय तिला स्वतःच्या पायांपेक्षा जास्त ओळखीचे होते.

विषय तिथेच मिटला असता. पण उतरणीला सुरुवात झाली आणि दोन-तीन दिवसांतच प्रताप मातीची पाटी उचलताना जो वाकला, तो तसाच राहिला. रिक्षात आडवा घालून पालघरला नेला. डॉक्टर म्हणाले मणका सरकलाय, महिनाभर पाटी सोडाच, तांब्याही उचलायचा नाही.

मळ्यात उरला नवशा. डोंगराकडच्या पाड्यावरून तो दरवर्षी उतरणीला येतो. पण हे काम जोडीचं. एकाने शिडीवर चढून वेल सोडायची, दुसऱ्याने खाली तिला झेलायची आणि गुंडाळायची. एकट्याने ओढली, की ती मोडलीच. भावेशच्या कंपनीत शटडाऊन, म्हणजे वर्षाच्या दुरुस्त्या चालू, रजा मिळेना. गावातली माहीतगार माणसं आपापल्या मळ्यात अडकलेली, आणि तरणी पोरं होती ती बोईसरच्या कारखान्यांत लागलेली. नवशा ओटीपाशी येऊन उभा राहिला.

"एकट्याचं काम नाय, बाय. अर्ध्या वेली अजून वर हायेत. आता नाय उतरवल्या तर ऊन चढंल, मग त्या हाती नाय लागणार."

प्रताप आत पलंगावर पडून सगळं ऐकत होता.  त्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि ते सुलूला बघवलं नाही. या मळ्यावर हे घर उभं राहिलं होतं. जेवायला येणारे पाहुणे काय, आज आहेत उद्या नाहीत.

ती उठली. न्हाऊन आली. वाडीतून सरळ चालत कुडापाशी गेली आणि दाराबाहेर चपला काढल्या. पानमळ्यात चपला घालून पुरुषसुद्धा जात नाहीत. दारातच रत्नाबाई लाकडी पाटावर बसलेल्या.

"आई, वेली अशाच राहिल्या तर मळा जाणार, हे नक्की. मी आत गेले तर जाईल की नाय, ते कोणालाच माहीत नाय. मग नक्की जाणार त्यापेक्षा हे बरं ना?"

रत्नाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "आणि गेला तर?"

"तर माझ्या नावावर जाईल. घेते मी ते नाव."

 रत्नाबाईंनी एका हाताने जमिनीचा आधार घेतला, थोड्या उठल्या आणि पाट बाजूला सरकवला. "नमस्कार कर आधी," एवढंच म्हणाल्या.

सुलू आत गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत गारवा होता. दोन्ही अंगांना वेलींच्या ओळी, पायाखाली ओली मऊ माती, आणि तो पानांचा वास. हा वास तीस वर्षं तिच्या बोटांना होता. आज ती त्याच्या घरी आली होती. तिला एकदम हसूच आलं. इतकं साधं होतं हे, आणि इतकी वर्षं लागली.

नवशाने शिडीवरून पहिली वेल खाली सोडली. सुलूने ती झेलली खरी, पण वेटोळं घट्ट केलं आणि दांडा कडकन पिचला. तिने वर पाहिलं. "असूं दे," नवशा वरून म्हणाला, "माजा बापूस शिकवीत होता तवा मी चार मोडलेल्या. सैल घे. तिला कळू नाय द्यायचं आपण तिला खाली घेतलीय ते." सुलूने पुढची सैल घेतली. त्याच्या पुढची आणखी सैल. दुपारपर्यंत तिच्या हाताला वेलीचं वजन कळायला लागलं. कमरेचे काटे ढिले झाले, नखांत माती गेली, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती प्रतापच्या पलंगापाशी बसून त्याला इतकं सांगत सुटली, की शेवटी तो म्हणाला, "अगं, मला म्हाईत हाय, मीच करतो दरवर्षी." पण तोही हसत होता.

रोज असं चाललं. रत्नाबाई रोज दाराशी पाटावर. आत बघायच्या नाहीत, पण कान आत असायचे. शेवटच्या दिवशी सुलूने फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. "भावेशचा आला तर घ्या. आणि शेवटची वेल राहिली ना, की मी बाहेर येऊन घेऊन जाते. तिचा फोटो काढायचाय." फोन घ्यायला रत्नाबाईंना येत होतं. नातेवाइकांशी तोंड दाखवून बोलायची त्यांना भारी हौस.

आणि मग व्हायचं तेच झालं. शेवटची वेल हातात आली तेव्हा सुलू त्या वेलीत अशी गुंतली, की फोन, फोटो, स्पर्धा, वैभवीचा नारळ, सगळं डोक्यातून पार गेलं. वेटोळं छान बसलं. तिने माती ओढली, हाताने थोपटली, शेंडा काठीला बांधला. नवशा शिडी खांद्यावर टाकून निघाला. ती विहिरीवर हात धुवायला गेली, आणि पहिला तांब्या हातावर पडला तेव्हा तिला आठवलं.

ती तशीच धोंड्यावर बसली. आता आत जाऊन टिपायचं काय, तर मातीचे उंचवटे! तीस वर्षं जे बघायचं होतं ते बघितलं, केलं, आणि त्याचा एक फोटो काढायचा राहिला. तिला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मागून रत्नाबाई आल्या आणि फोन पुढे केला. "भावेशचा नाय आला फोन. पण ते पांढरं गोल असतं ना, ते दाबलंय मी. बघ, काय आलंय काय ते."

फोटो तिरका होता. वरच्या कोपऱ्यात रत्नाबाईंचं बोट आलं होतं. खालची बाजू काळोखी. आणि मधोमध सुलू उकिडवी बसलेली, कोपरापर्यंत मातीत, दोन्ही हातांत वेलीचं वेटोळं, आणि चेहरा असा, की कोणी तान्हं पोर पहिल्यांदा हातात दिलंय. सुलूने तो कितीतरी वेळ पाहिला. ही बाई तिला माहीत नव्हती. पण आवडली.

"कुठून काढलात, आई?"

"बाहेरूनच. दार उघडं होतं. आत नाय गेले मी," रत्नाबाई म्हणाल्या आणि लगबगीने घराकडे वळल्या.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. स्पर्धेला हाच फोटो द्यायचा, आणि रत्नाबाईंच्या नावाने द्यायचा, हे सुलूने ठरवलं होतं. पण तिचा जीव आता नारळात नव्हता. उतरवलेला मळा भुंडा दिसत होता. रोज सकाळी ती पाणी द्यायला आत जायची आणि बाहेर आली, की रत्नाबाई फक्त मान वर करायच्या. "अजून नाय," सुलू सांगायची. रत्नाबाईंचं जेवण निम्म्यावर आलं. एकदा त्यांनी भात तसाच सारला तेव्हा सुलू रागावली, तर म्हणाल्या, "त्या वर्षी पण असंच वाट बघत होते मी." प्रताप दोघींना समजावून थकला.

पाडवा चार-पाच दिवसांवर आला असताना एका सकाळी सुलू पाण्याचा पाइप तसाच टाकून कुडाबाहेर धावत आली.

"आई, फुटलं."

"किती?"

"सगळीकडे. पेरापेराला. ती मोडली होती ना पहिली, ती पण."

रत्नाबाई उठल्या. घरात गेल्या, देवापुढे साखर ठेवली, आणि मग स्वयंपाकघरात बसून कालची शिळी भाकरी दुधात कुस्करून वाडगाभर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुलू वाचनालयात गेली. कमलाकांत सरांनी फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वा. कोणी काढला?"

"सासूबाईंनी."

"रत्नाकाकींनी?" सरांनी तिच्याकडे आणि मग फोटोकडे बघितलं. "मस्तच. वरचं बोट जरा कापू या का? आणि खाली हा काळोख आहे, तो थोडा उजळतो." त्यांनी कसलीशी कळ दाबली. खालची बाजू उजळली. "हे बघ, कोणाचे तरी पाय आलेत इथे. नवशाचे असतील. एवढी पट्टी कापतो, म्हणजे फोटो स्वच्छ होईल."

सुलू वाकली. फोटोच्या तळाला दोन अनवाणी पाय होते, वरून दिसतात तसे, फोटो काढणाऱ्याचे असतात तसे. ओल्या मातीत रुतलेले. एका अंगाला काठी, दुसऱ्या अंगाला वेलीचा पुरलेला बुंधा. कुडाबाहेर नव्हेत, चांगले मळ्याच्या मध्यावर. उजव्या अंगठ्याचं नख काळं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

 म्हणजे सासू चपला काढून आत आली होती. फोटो नीट यावा म्हणून जवळ आली होती, आपल्या बाजूला उभी होती, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. आणि मग पंधरवडाभर धड जेवली नव्हती ती आपल्या एकटीच्या नावाच्या धास्तीने नव्हे. मळा गेला असता तर पुन्हा एकदा तिच्याच पायाने गेला असता, तिच्या लेखी तरी.

"कापू ना?" सरांनी विचारलं.

"सर," सुलू म्हणाली, "मी फोटोत कोणाचे पाय कापत नाय. बोट पण राहू दे."

पाडव्याला वाचनालय भरून गेलं. दारात गुढी, आत दोरीवर फोटो. प्रताप कमरेला पट्टा बांधून पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता. रत्नाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या, चष्मा घरी विसरून. आपला फोटो कुठे आहे ते त्यांनी लांबूनच ओळखलं आणि त्याच्याजवळ अशा उभ्या राहिल्या, की सुपारी टाकल्याशिवाय पुढे सरकायची कोणाची छाती होईना. "ही आमची सून," येईल त्याला सांगत होत्या. "उतरण केली तिने. अख्खी." मुंबईच्या पाहुण्यांना उतरण म्हणजे काय ते कळत नव्हतं, मग रत्नाबाई त्यांना हातवारे करून समजावत होत्या, जणू त्यांनी जन्मभर तेच केलं होतं.

संध्याकाळी वाट्या मोजल्या. पहिली आली वैभवीच. तिच्या भाचीने बीचवरच्या ओल्या वाळूत टाकलेलं पहिलं पाऊल, आणि यंदा ऊनसुद्धा बरोबर बाजूने आलेलं. फोटो खरंच देखणा होता. सुलूने तिला तसं मोकळेपणाने सांगितलं. रत्नाबाईंचा नंबर दुसरा. त्यांनी वैभवीच्या वाटीतल्या दोन सुपाऱ्या उचलून कानाशी हलवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "निम्म्या पोकळ हायेत. आमच्या वाटीत बघ, एक तरी पोकळ हाय काय." सर हसले. रत्नाबाई हसल्या नाहीत.

मग गल्लीतल्या मथुराबाई काठी टेकत फोटोपाशी आल्या. त्या रत्नाबाईंच्याच वयाच्या. वासराचं ते वर्ष त्यांना आठवत होतं, आणि त्यांच्या घरातही बायकांना मळा बंदच होता. त्यांनी फोटो नाक लावून पाहिला. कमी ऐकू येतं म्हणून बोलतातही मोठ्याने.

"रत्ना, हे खाली पाय कोणाचे गं?"

जवळपासची माणसं वळली. प्रताप पट्ट्यावर हात ठेवून ताठ झाला. रत्नाबाई वाकल्या, डोळे बारीक करून फोटोच्या तळाशी पाहिलं, आणि आपलेच पाय त्यांना दिसले. त्यांनी मान वळवून सुलूकडे पाहिलं. सुलूच्या ओठांवर नवशाचं नाव तयार होतं. सासूने फक्त डोळ्याने खूण केली असती तरी तिने ते घेतलं असतं.

"माझे," रत्नाबाई म्हणाल्या.

"आँ?"

"माझे पाय, मथुरे. मळ्यात उभी होते मी. आणि मळा बघ जाऊन, कसा फुटलाय तो. उद्या ये, मी दाखवते. चपला बाहेर काढून ये."

 मथुराबाईंनी मुठीत धरून ठेवलेली आपली सुपारी, मोजणी संपली होती तरी, रत्नाबाईंच्या वाटीत टाकली. कमलाकांत सरांनी ती पाहिली आणि तिथेच राहू दिली.

सुलूला समोरचं अंधुक दिसायला लागलं होतं. तिने पदराने डोळे पुसले, पिशवीतून फोन काढला आणि म्हणाली, "आई, तिथेच राहा. फोटोच्या शेजारी. उन्हाकडे तोंड करा जरा."

रत्नाबाईंनी लुगडं सारखं केलं, केसांवरून हात फिरवला. मग खाली बघितलं. चपला काढल्या, पायाने एका बाजूला सारल्या आणि फरशीवर अनवाणी, ताठ उभ्या राहिल्या.

"पाय येतायत ना?"

"येतायत, आई."

"मग काढ."